दुकान आले, ताट तेवढे बदलले नाही: पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टचे प्रकरण

ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात, हिल डिस्ट्रिक्ट नावाच्या वस्तीत, ‘शॉप एन सेव्ह’ हे सुपरमार्केट सुरू झाले. ताजी भाजी, फळे, दूध, मांस, पीठ-साखर सगळे एका छपराखाली मिळेल असे दुकान या वस्तीने त्याआधी सुमारे तीस वर्षे पाहिले नव्हते. वस्ती काही शहराबाहेर फेकलेली नाही. टेकडी उतरली की शहराचा मध्यभाग, बँका आणि कचेऱ्यांच्या उंच इमारती. मार्च २०१९ मध्ये, साधारण साडेपाच वर्षांनी, ते दुकान बंद पडले.

गरीब वस्तीत दुकान उघडणे आणि गुंडाळले जाणे यात अमेरिकेत नवे काही नाही. हे प्रकरण वाचण्यासारखे आहे ते दुसऱ्या कारणाने. दुकान येणार हे आधीपासून ठरलेले असल्यामुळे रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेच्या संशोधकांनी ते येण्याच्या दोन वर्षे आधीच घरोघर जाऊन लोक काय खातात, कुठून आणतात, महिनाअखेरीपर्यंत पुरते का, हे लिहून घेतले. दुकान आल्यावर ते त्याच घरांत पुन्हा गेले. आधीची आणि नंतरची इतकी नीट नोंद असलेली शहरी वस्ती क्वचित सापडते. हाती जे लागले ते दुकानाची बाजू घेणाऱ्यांना पूर्ण सोयीचे नव्हते आणि ‘दुकानाने काय होणार’ म्हणणाऱ्यांनाही नव्हते.

दुकाने गेली कुठे

विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात हिल ही पिट्सबर्गमधल्या कृष्णवर्णीयांची मुख्य वस्ती बनली. वायली अव्हेन्यू आणि सेंटर अव्हेन्यू हे तिचे दोन बाजाररस्ते. जाझचे अड्डे, खानावळी, वाणी, खाटीक, केशकर्तनालये, सगळे तिथेच. १९५० च्या दशकात नगरपालिकेने ‘पुनर्विकासा’च्या नावाखाली लोअर हिल हा खालचा भाग पाडायला घेतला. सुमारे ९५ एकर जमीन मोकळी केली गेली, जवळजवळ १,३०० इमारती गेल्या, ८,००० च्या आसपास माणसे उठवली गेली आणि त्यांच्याबरोबर चारशेहून अधिक लहानमोठे धंदे. त्या जागी १९६१ मध्ये सिव्हिक अरीना हे भलेमोठे क्रीडागृह उभे राहिले, आणि भोवताली मोटारी लावायची मैदाने.

दुसरा घाव एप्रिल १९६८ चा. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत उरलेल्या बाजारातली बरीच दुकाने जळाली. ज्यांची जळाली त्यांतले अनेक परतलेच नाहीत. मग १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पिट्सबर्गचा पोलाद उद्योग कोसळला आणि ज्यांना जमले ते वस्ती सोडून गेले. २०१० पर्यंत हिलमध्ये दहा-अकरा हजार माणसे उरली होती. १९५० च्या लोकसंख्येच्या मानाने हा एक छोटासा तुकडा.

हा इतिहास इथे सांगायचे कारण असे की ‘अन्नवाळवंट’ हा शब्द ऐकला की वाटते, निसर्गानेच तिथे काही उगवू दिलेले नाही. हिलमध्ये बाजार होता. तो पाडला गेला, मग जळाला, मग गिऱ्हाईक कमी झाले म्हणून उरलेलाही आटला. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नेहमीच्या व्याख्येत शहरातली कमी उत्पन्नाची वस्ती आणि सुपरमार्केट यांच्यात एक मैलाहून जास्त अंतर असेल तर ती वस्ती या प्रकारात मोडते. नकाशावर हे चटकन दिसते आणि म्हणून धोरणकर्त्यांना आवडते. दुकाने का गेली, हे नकाशा सांगत नाही.

मधल्या तीस वर्षांत लोक जेवत होतेच. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांतून चिप्स, सोडा, डबाबंद पदार्थ, महागडे दूध. मोठा बाजारहाट करायचा तर बस धरून दुसऱ्या भागात जायचे आणि दोन्ही हातांत मावेल तेवढेच आणायचे. नाहीतर जिटनी. पिट्सबर्गमध्ये विनापरवाना खासगी गाडीने माणसांची ने-आण करणाऱ्यांना जिटनी म्हणतात, आणि टॅक्सी ज्या वस्तीत यायला नाखूष असे तिथे हीच खरी वाहतूक होती. भाडे अर्थातच किराण्याच्या पैशातून. त्यामुळे महिन्यातून एकदाच मोठी खरेदी, तीही टिकणाऱ्या वस्तूंची. पालेभाजी अशा वेळापत्रकात बसत नाही.

दुकान वाटाघाटीतून आले

२००७ मध्ये पिट्सबर्ग पेंग्विन्स या आइस हॉकी संघासाठी जुन्या क्रीडागृहाच्या शेजारी नवे क्रीडागृह बांधायचे ठरले. हिलमधल्या संघटनांनी ‘वन हिल’ नावाने एकत्र येऊन अडून बसायचे ठरवले: आमच्या अंगणात सरकारी पैशाने इतके मोठे बांधकाम होणार असेल तर वस्तीला काय मिळणार ते लेखी द्या. ऑगस्ट २००८ मध्ये शहर, काउंटी (जिल्हा प्रशासन), पेंग्विन्स आणि वन हिल यांच्यात करार झाला. पिट्सबर्गमधला हा अशा प्रकारचा पहिला करार. त्यात रोजगार, वस्तीचा विकास आराखडा अशा गोष्टींसोबत किराणा दुकानही होते, आणि त्यासाठी पेंग्विन्स व शहराची पुनर्विकास संस्था यांनी प्रत्येकी दहा लाख डॉलरपर्यंत द्यायचे कबूल केले.

नवे क्रीडागृह २०१० मध्ये सुरू झाले. दुकान २०१३ मध्ये. कुणाचे काम आधी झाले, हे वेगळे सांगायला नको.

वस्तीने भांडून मिळवलेली ही गोष्ट होती आणि तिचा अभिमान लोकांना होता. पण व्यवहाराच्या बाजूने पाहिले तर त्यातच पुढच्या अडचणीचे बीज दिसते. किराणा व्यापारी तीस वर्षे या वस्तीकडे फिरकले नव्हते, कारण त्यांच्या हिशेबात इथे धंदा बसत नव्हता. करारामुळे दुकानाची इमारत उभी राहिली. तो हिशेब मात्र होता तिथेच होता.

मोजणी कशी झाली

रँडच्या अभ्यासाचे संक्षिप्त नाव ‘फ्रेश’, प्रमुख संशोधक टमारा डुबोविट्झ. २०११ मध्ये हिल आणि होमवूड या दोन वस्त्यांतली १,३७२ घरे निवडून पहिली फेरी झाली. होमवूड ही पिट्सबर्गच्याच पूर्व भागातली, बरीचशी हिलसारखी वस्ती: बहुसंख्य कृष्णवर्णीय, उत्पन्न कमी, सुपरमार्केट नाही. फरक एवढाच की होमवूडमध्ये दुकान येणार नव्हते. दुसरी फेरी २०१४ मध्ये झाली आणि दोन्ही फेऱ्यांत भेटलेल्या ८३१ माणसांची तुलना करता आली. प्रश्न विचारायला वस्तीतलीच माणसे प्रशिक्षण देऊन नेमली होती, हे मला या अभ्यासातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. काल दिवसभरात काय खाल्ले, हे अनोळखी पाहुण्याला कुणी खरे सांगत नाही. प्रत्येकाला हा चोवीस तासांचा प्रश्न दोन वेगवेगळ्या दिवशी विचारला गेला.

पहिल्या फेरीतच एक गोष्ट बाहेर आली होती, जिच्याकडे तेव्हा पुरेसे लक्ष गेले नाही. वस्तीबाहेर जे सर्वांत जवळचे सुपरमार्केट होते तिथे बहुतेक लोक जातच नव्हते. ते ओलांडून, आणखी लांब, स्वस्त दुकानात जात. आणि लठ्ठपणाचा संबंध तपासला तेव्हा अंतर आणि दर दोन्ही एकत्र घेतल्यावर अंतराचा प्रभाव उरला नाही, दुकानातल्या दरांचा उरला. स्वस्त दुकानांत जाणाऱ्यांत लठ्ठपणा जास्त होता. म्हणजे दुकान येण्याच्या दोन वर्षे आधी वस्तीने सांगून टाकले होते की आम्ही पाय वाचवत नाही, पैसे वाचवतो.

दुसऱ्या फेरीने काय दाखवले

२०१५ मध्ये जाहीर झालेले निष्कर्ष वरवर पाहता चांगले होते. होमवूडच्या तुलनेत हिलमधल्या लोकांच्या आहाराचा दर्जा सुधारला होता. दिवसाकाठी पोटात जाणाऱ्या कॅलरी आणि वरून घातलेली साखर कमी झाली होती. आरोग्यदायी अन्न आता हाताशी आहे, असे लोकांना वाटू लागले होते. वस्तीत राहण्याचे समाधानही वाढले होते.

मग संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला: दुकानात नेहमी जाणाऱ्यांचा आहार जास्त सुधारला का? महिन्यातून एकदा तरी जाणारा तो ‘नियमित’ असे धरले होते. उत्तर आले, नाही. नियमित जाणाऱ्यांचा आणि न जाणाऱ्यांचा आहार जवळजवळ सारखाच बदलला होता. दुकानाच्या वापराशी जोडता आली ती एकच गोष्ट, अन्न हाताशी आल्याची भावना. फळे-भाज्या, अख्खे धान्य आणि शरीराचे वजन यांत दोन वस्त्यांमध्ये फरक पडला नव्हता.

हे विचित्र आहे आणि मला त्याची गुळगुळीत उकल करायची इच्छा नाही. दुकानात न जाणाऱ्याचा आहार दुकानामुळे कसा सुधारेल? एक शक्यता अशी की त्याच काळात हिलमध्ये इतरही पैसा आला: नवी वायएमसीए, जुन्या सरकारी चाळींच्या जागी नवी घरे, काही रोजगार. दुकान हे त्या लाटेचे सर्वांत ठळक चिन्ह होते, पण लाट तेवढीच नव्हती.

दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच माहितीवरून आणखी एक निबंध आला. त्यात आहाराऐवजी घराची स्थिती पाहिली होती. होमवूडच्या तुलनेत हिलमध्ये अन्न असुरक्षितता सुमारे १२ टक्केबिंदूंनी घटली होती. स्नॅप, म्हणजे अन्नखरेदीसाठी मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्यांचे प्रमाणही जवळपास तेवढेच घटले होते. कोलेस्टेरॉल वाढल्याचे आणि संधिवाताचे नवे निदान झालेले लोक कमी होते.

संधिवात वाचून जरा थांबावे. सुपरमार्केटमुळे सांधे दुखायचे थांबतात, असे त्या निबंधाचे लेखकही म्हणणार नाहीत. ही नोंद उलट त्या लाटेच्या अंदाजाला बळ देते की वस्तीचे एकंदर जगणेच थोडे सावरत होते. पण अन्न असुरक्षिततेची घट हलक्याने बाजूला सारता येत नाही. कृषी खात्याची प्रश्नावली यासाठी वापरली जाते. मुले असलेल्या घराला १८ प्रश्न, नसलेल्याला १०. आणलेले अन्न संपले आणि पुन्हा आणायला पैसे नव्हते, असे झाले का? पैसे नाहीत म्हणून कुणी जेवण वगळले का? तीन किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आली की घर असुरक्षित. यात भाजी किती खाल्ली हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याचा.

आणि त्या आठवड्याला जवळचे दुकान कसे उपयोगी पडते, हे समजायला फार डोके लावावे लागत नाही. जिटनीचे भाडे वाचते. एकदम न आणता चार दिवसांचे चार दिवसांनी आणता येते, त्यामुळे वाया कमी जाते. दूध संपले म्हणून कोपऱ्यावरच्या महागड्या दुकानात शिरावे लागत नाही. मूल आजारी असताना दोन बस बदलाव्या लागत नाहीत. यातला प्रत्येक फायदा पैशाचा किंवा वेळेचा आहे. जीवनसत्त्वांचा त्यात एकही नाही.

ताट का हलले नाही

हिल हा अपवाद नव्हता. फिलाडेल्फियातल्या एका नव्या सुपरमार्केटचा असाच अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तिथेही लोकांना दुकान आल्याचे जाणवले, पण फळे-भाज्या आणि वजन जिथल्या तिथे. २०१९ मध्ये अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने देशभरातल्या घरांच्या खरेदीच्या नोंदी तपासून हिशेब मांडला: गरीब घरांना श्रीमंतांसारखाच माल त्याच दरात उपलब्ध करून दिला तरी दोघांच्या आहाराच्या पोषणमूल्यातला फरक फक्त दहाएक टक्क्यांनी कमी होईल. उरलेला फरक मागणीतून येतो.

या ‘मागणी’ शब्दापाशी बरेच लोक वाट चुकतात. तो ऐकून ‘लोकांनाच चांगले खायचे नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि मग पोषणाचे वर्ग, पोस्टर, स्वयंपाकाची प्रात्यक्षिके सुरू होतात. मागणी म्हणजे नुसती आवड नव्हे. तिच्यात पगार आहे, कामाच्या पाळ्या आहेत, घरी शेगडी धड चालते का हे आहे, आणि चूक परवडते का हेही आहे.

शेवटच्या मुद्द्यावर बोस्टन परिसरातल्या पालकांच्या मुलाखतींचा एक अभ्यास आहे. लहान मुलाला नवी भाजी पसंत पडायला ती आठ ते पंधरा वेळा समोर ठेवावी लागते, असे आहारशास्त्र सांगते. मध्यमवर्गीय आई ती ठेवते. मूल तोंड फिरवते, भाजी टाकली जाते, पुन्हा ठेवते. कमी उत्पन्नाच्या घरातल्या आईला ती पंधरा वेळची भाजी टाकणे परवडत नाही, कारण टाकल्यावर दुसरे काही द्यायला उरत नाही. म्हणून मूल नक्की खाईल तेच आणले जाते. हे अज्ञान नाही, चोख हिशेब आहे. अशा घराजवळ ब्रोकोलीचा ढीग आणून ठेवला तरी हिशेब तोच राहतो.

स्नॅपचे नियमही या हिशेबात आहेत. त्यावर साबण, लंगोट, औषधे घेता येत नाहीत, ते ठीक. पण गरम शिजवलेले अन्नही घेता येत नाही. दुकानात भाजलेली कोंबडी गरम असेल तर रोख द्या, तीच थंड करून शीतपेटीत ठेवलेली असेल तर स्नॅप चालेल. रात्री नऊला कामावरून सुटलेल्या माणसाला हा नियम कोणत्या शहाण्याने समजावून सांगायचा!

गल्ल्याची बाजू

आता दुकानदाराच्या खुर्चीत बसू. अमेरिकेत सुपरमार्केटचा निव्वळ नफा विक्रीच्या एक ते तीन टक्के असतो. इतक्या पातळ नफ्यावर दुकान चालते ते केवळ उलाढालीवर. हिलमध्ये दहा-अकरा हजार माणसे, त्यांतली अनेक स्वस्त माल शोधत आधीपासून लांबच्या मोठ्या दुकानांत जाणारी. त्यांच्याशी दरात बरोबरी करणे एका छोट्या दुकानाला अवघड. नाशवंत माल भरपूर ठेवावा तर सडतो, कमी ठेवावा तर ‘भाजी ताजी नाही’ अशी कुजबुज होते आणि उरलेले गिऱ्हाईकही बस धरते.

अभ्यासातल्या निम्म्याच्या आसपास घरांना स्नॅप मिळत होते. पेनसिल्व्हेनियात ही मदत महिन्याच्या पहिल्या दहा कामकाजाच्या दिवसांत खात्यावर येते. त्यामुळे अशा वस्तीतल्या दुकानाचा महिना असमान असतो. पहिला पंधरवडा तुडुंब, दुसरा रिकामा. कामगार, वीज, शीतपेट्या यांचा खर्च मात्र महिनाभर सारखाच.

आणि इथे एक योगायोग आहे, ज्याचा उल्लेख मला या प्रकरणाच्या चर्चांमध्ये फारसा आढळत नाही. २००९ च्या मंदीत स्नॅपची रक्कम तात्पुरती वाढवली होती. ती वाढ १ नोव्हेंबर २०१३ रोजी संपली. चार माणसांच्या घराची कमाल मदत एका रात्रीत महिना ६६८ डॉलरवरून ६३२ वर आली. म्हणजे दुकान उघडून महिना व्हायच्या आत त्याच्या निम्म्या गिऱ्हाइकाच्या खिशातून सरकारने पैसे काढून घेतले. त्या वर्षी स्नॅपची सरासरी मदत माणशी महिना १३३ डॉलरच्या आसपास होती, दिवसाला साडेचार डॉलरही नाही. एका हाताने सरकार अन्नवाळवंटात दुकाने उघडायला अनुदान देत होते. २०१० पासून त्यासाठी केंद्राची स्वतंत्र योजनाच होती. दुसरा हात त्या दुकानांची विक्री कापत होता. दोन्ही निर्णय वॉशिंग्टनचेच. या कपातीमुळेच दुकान बुडाले असे मी म्हणत नाही, ते त्यानंतर पाच वर्षे चालले. पण ज्या वस्तीत दहा डॉलरने महिना इकडचा तिकडे होतो तिथे छत्तीस डॉलर ही किरकोळ रक्कम नव्हती.

दुकान बंद पडले त्याच वर्षी, अनेक दशके हिलमध्ये समाजकार्य करणारी आणि दुकानाच्या उभारणीत जिची विकास शाखा पुढे होती ती हिल हाउस असोसिएशनही विसर्जित झाली. दुकान आणि त्याचा पाठीराखा दोघेही एका वर्षात गेले.

बंद पडल्यानंतर

हिल आणि होमवूडमधल्या काही घरांचा पाठपुरावा पुढेही चालू राहिला. २०१८ मध्ये त्यांतली २०.७ टक्के घरे अन्न असुरक्षित होती. कोविडची टाळेबंदी लागल्यानंतर, २०२० च्या वसंतात, हे प्रमाण ३६.९ टक्क्यांवर गेले. मधल्या काळात हिलमधले दुकान बंद झाले होते, पण नोकऱ्याही गेल्या होत्या, शाळा बंद होत्या, बस कमी होत्या. त्यामुळे दुकान नसण्याचा वाटा वेगळा काढता येत नाही. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट दुसरीच. असुरक्षितता एवढी वाढूनही स्नॅप किंवा अन्नपेढ्यांचा (गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या संस्थांचा) वापर या घरांत त्या मानाने वाढला नव्हता. मदत होती, तिच्यापर्यंत जायचा रस्ता नव्हता. अंतराचा प्रश्न सुटला असे कुणी म्हणत असेल तर त्याने एवढे पाहावे.

फिरत्या गाड्यांनी काही अंशी काम केले. पिट्सबर्गच्या अन्नपेढीची ‘ग्रीन ग्रोसर’ ही भाजीपाल्याची गाडी ठरलेल्या दिवशी वस्त्यांत येते आणि तिथे स्नॅप चालते. गाडीचे भांडवल कमी, पसाराही कमी. पण आठवड्यातून एक दिवस काही तास, यापलीकडे ती जाऊ शकत नाही. पीठ, तेल, दूध, साबण तिच्यावर नसतो, म्हणजे बस धरणे टळत नाहीच.

माझे निदान

हिलमध्ये तीन वेगवेगळे आजार होते आणि तिघांवर एकच औषध दिले गेले. दुकान लांब होते. हातात पैसे कमी होते. ताटात जे पडत होते ते शरीराला घातक होते. पहिल्यावर दुकान थेट लागू पडले. दुसऱ्यावर वाटेतला खर्च आणि नासाडी वाचवून थोडेसे. तिसऱ्यावर जवळजवळ नाहीच. तरी दुकानाचे यशापयश मुख्यतः तिसऱ्यावरून जोखले गेले, कारण अशा योजनांना पैसा मिळतो तो लठ्ठपणा आणि मधुमेहाचे नाव घेऊन. दुकान बुडाले मात्र दुसऱ्यामुळे.

म्हणून ‘सुपरमार्केट उघडून उपयोग होत नाही’ असा जो धडा या अभ्यासांतून काढला जातो तो मला मान्य नाही. शेवटच्या आठवड्यात जेवण वगळणारी घरे कमी होणे हा उपयोगच आहे. उलट बाजूने, ‘दुकान द्या, लोक निरोगी होतील’ असे आश्वासन देणाऱ्यांनीही वस्तीचे नुकसान केले, कारण ते आश्वासन पुरे झाले नाही की पुढच्या दुकानाचा पैसा अडतो.

करायचे काय, तर अनुदानाची वेळ बदलायला हवी. अशा योजनांतला पैसा बहुतेक वेळा सुरुवातीला, इमारत आणि शीतपेट्यांसाठी येतो. रिकाम्या पंधरवड्याचे नुकसान दुकानदाराच्या अंगावर राहते. गरीब वस्तीतली बस तोट्यात चालते म्हणून कुणी तिला अपयश म्हणत नाही. तोटा भरून काढायची तरतूद अंदाजपत्रकात आधीच असते. किराणा दुकानाला तशी तरतूद द्यायला सरकार बिचकते, कारण ते खासगी असते. मग ते सहकारी किंवा नगरपालिकेच्या मालकीचे करायचे का, यावर वाद होऊ शकतो. दोन्ही प्रकारांत व्यवस्थापन कच्चे असेल तर तेही बुडते. पण निदान वाद त्या जागी तरी आणावा.

गिऱ्हाइकाच्या खिशाचे काय, याचे उत्तर मोठे आहे आणि ते पिट्सबर्गच्या हातात नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये कृषी खात्याने काटकसरीच्या आहाराचा हिशेब नव्याने मांडून स्नॅपची मूळ रक्कम सुमारे २१ टक्क्यांनी वाढवली. अशी वाढ शॉप एन सेव्ह उघडले त्या महिन्यात झाली असती तर दुकानाचे पुढे काय झाले असते, हा प्रश्न मला कराराच्या कलमांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

२०२४ च्या सुरुवातीला त्याच इमारतीत ‘सेलम्स मार्केट’ हे दुसरे दुकान सुरू झाले. तेही पुनर्विकास संस्थेच्या प्रयत्नांतून. हिलमधल्या या किंवा पुढच्या कुठल्याही दुकानाचे मूल्यमापन करायला बसणाऱ्याने वजनकाटा घरी ठेवून दोन गोष्टी मागाव्यात. एक, महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यातली विक्री वेगवेगळी. दोन, त्या शेवटच्या आठवड्यात किती घरांनी जेवण वगळले, याची दर सहा महिन्यांनी घेतलेली नोंद. पहिली दुकानदाराकडे असतेच, फक्त ती कुणी मागत नाही. दुसरीसाठी प्रश्नावली तयार आहे आणि विचारणारी माणसे वस्तीतच आहेत.